वाचायला शिकवलेली बाई लिहू लागली तेव्हा

मराठी कादंबरीतील स्त्रीची गोष्ट सांगायची म्हटले की आपण हरिभाऊ आपट्यांच्या यमूपासून सुरुवात करतो. त्यात वावगे काही नाही. १८९० ते १८९३ या काळात 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तोवर माजघराच्या उंबऱ्याआड राहिलेले बायकांचे आयुष्य मराठी वाचकाच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लग्न, सासुरवास, थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शंकर मामंजींच्या हातून झालेली विटंबना हे सारे तिच्याच तोंडून आपण ऐकतो. तिच्या दुःखाने त्या पिढीचे डोळे ओलावले आणि अनेकांची मते बदलली.

पण यमूच्या तोंडून बोलणारा लेखक पुरुष होता. त्याच काळात, त्याच पुण्यात, हरिभाऊंच्या अगदी निकटच्या स्नेहमंडळात एक बाई स्वतः कादंबरी लिहीत होती, ही गोष्ट मात्र आपण फारशी लक्षात घेत नाही. त्या बाई म्हणजे काशीबाई कानिटकर.

मी मराठीची विद्यार्थिनी असताना काशीबाईंचे नाव आमच्या वह्यांत एका ओळीपुरते येई. मराठीतील पहिल्या स्त्री कादंबरीकार, एवढीच ती ओळ. 'पहिल्या' हे विशेषण मोठे फसवे असते. ते दिले की मान दिल्यासारखे वाटते आणि पुढे त्या व्यक्तीचे काही वाचण्याची गरज उरत नाही. शिवाय ते तंतोतंत खरेही नसते. साळूबाई तांबवेकर यांचे 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ सालचे, म्हणजे काशीबाईंच्या आधीचे. ती राजपुत्र-राजकन्यांच्या वळणाची अद्भुतरम्य कथा आहे. काशीबाईंचे महत्त्व त्या किती क्रमांकावर आल्या यात नाही. आपल्या काळातील स्त्रीचे रूप साहित्यात कोणी रेखाटायचे, या प्रश्नाशी त्यांचे सारे आयुष्य बांधलेले आहे, म्हणून त्या महत्त्वाच्या.

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील अष्टे या गावी, बापटांच्या सुखवस्तू घरात झाला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' ही कादंबरीही त्याच वर्षाची. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. त्या पिढीच्या मराठी कथावाङ्मयात नायिका सुंदर असे, पतिव्रता असे, संकटे सोसत असे आणि शेवटी तिला तिचा पती परत मिळत असे. तिला मन असते, तिचे म्हणून काही मत असते, याची लेखकाला फिकीर नव्हती. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'ने विधवांचे हाल जरूर दाखवले होते. पण तो धारा पुढच्यांनी लगेच गिरवला नाही. काशीबाईंच्या जन्माच्या वेळी कागदावरची स्त्री अशी होती, आणि खऱ्या स्त्रीच्या हातात कागदच नव्हता.

मुलींना शाळेत घालण्याचा प्रघात त्यांच्या घरात नव्हता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली होती, पण वरिष्ठ वर्णाच्या बहुसंख्य घरांनी तिकडे पाठच फिरवली. बाई वाचू लागली की तिला वैधव्य येते, तिच्या अक्षरांच्या अळ्या होऊन नवऱ्याच्या पानात पडतात, असल्या समजुती पिढ्यान्पिढ्या मुलींच्या कानावर पडत होत्या. नवव्या वर्षी काशीबाईंचे लग्न झाले ते गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी. ते १८५४ चे, म्हणजे पत्नीहून सात वर्षांनी मोठे.

गोविंदराव नव्या विद्येत वाढलेले. पुढे ते वकील झाले, न्यायखात्यात गेले, कविता लिहू लागले. शेक्सपिअर त्यांनी मराठीत आणला आणि जॉन स्टुअर्ट मिलच्या १८६९ मधील स्त्री-पारतंत्र्यावरील ग्रंथाचे मराठी रूपांतरही 'स्त्रियांची परवशता' या नावाने १९०२ साली केले. अशा तरुणाला निरक्षर पत्नी कशी रुचावी? तिने शिकावे ही त्यांची इच्छा होती, आणि ती शिकू नये हा घरातल्या मोठ्या माणसांचा हट्ट. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या कोवळ्या मुलीने चोरूनमारून अक्षरे गिरवली. आधी मराठी, मग संस्कृत, मग इंग्रजी. शाळा नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. दिवसभर घरकाम आणि सोवळेओवळे सांभाळून उरलेल्या वेळात ही विद्या मिळवलेली.

इथे जरा थांबायला हवे. एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या कथा आपण सांगतो तेव्हा पतीने पत्नीला शिकवले, या वाक्यापाशी आपला ऊर भरून येतो. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवले, गोपाळराव जोश्यांनी आनंदीबाईंना शिकवले, गोविंदरावांनी काशीबाईंना. या पुरुषांचे ऋण नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. वाड्यातल्या रोषाला तोंड देण्याची तयारी त्यांनी दाखवली नसती तर या तिघींची नावेही आज आपल्याला ठाऊक नसती. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. सुशिक्षित तरुणाला हवी होती ती आपल्या बोलण्यात रस घेणारी, आपली पुस्तके वाचणारी सहचारिणी. स्त्रीने शिकायचे ते कशासाठी, याचे उत्तरही पुरुषानेच ठरवून ठेवलेले होते. काशीबाईंच्या शिक्षणाची सुरुवात याच उत्तरातून झाली. त्यांचे मोठेपण असे की त्या त्या उत्तरापाशी थांबल्या नाहीत. घराला वाचणारी सून परवडली असती एक वेळ. लिहिणारी सून हे प्रकरणच वेगळे होते.

१८८१ मध्ये त्यांचा पहिला लेख प्रार्थना समाजाच्या 'सुबोधपत्रिके'त आला. विषय होता पूर्वीच्या स्त्रिया आणि हल्लीच्या स्त्रिया. वीस वर्षांच्या, शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रीने पहिल्याच लेखाला हा विषय घ्यावा हे पुष्कळ सांगून जाते. आदर्श स्त्री म्हणून ज्या पूर्वजांचे दाखले सतत तोंडावर फेकले जात, त्यांच्याविषयी आपणही काही बोलू शकतो, हा विश्वास त्यामागे होता.

पुढचेच वर्ष पुण्याच्या इतिहासात मोठे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज उभा राहिला. संस्कृतात शास्त्रार्थ करणारी, परजातीत विवाह केलेली आणि आता विधवा असलेली ही तरुणी उभी राहून बोलते आणि पुरुष ऐकतात, हे दृश्यच पुणेकरांना नवे होते. काशीबाई या समाजात सामील झाल्या, रमाबाई रानडेही होत्या. एकत्र जमणे, मोठ्याने वाचणे, चारचौघींत उभे राहून मत मांडणे ही आज क्षुल्लक वाटणारी कामे त्यांनी तिथे केली. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक पुण्यातच छापले गेले. कथाकादंबऱ्यांत आणि नाटकांत पुरुषांनी रंगवलेल्या बायका कशा खोट्या आहेत, याचा इतका सडेतोड हिशेब मराठीत तोवर कोणी मागितला नव्हता. आपल्या साहित्यातील स्त्रीप्रतिमेच्या चिकित्सेची परंपरा पश्चिमेकडून अलीकडे आली असे समजणाऱ्यांनी हे १८८२ साल ध्यानात ठेवावे.

या साऱ्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागे. काशीबाई पायांत जोडे घालून आणि हातात छत्री घेऊन पुण्याच्या रस्त्याने निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर दगड आले, अशी हकीकत अभ्यासकांनी नोंदवली आहे. जोडा आणि छत्री या पुरुषाच्या मानाच्या वस्तू. ऊन बाईलाही लागते आणि खडे तिच्याही पायांत रुततात. पण प्रश्न उन्हाचा वा खड्यांचा नव्हताच. कोणी कसे दिसावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होता. साहित्यातही काशीबाईंची गाठ याच प्रश्नाशी पडली.

याच सुमारास कानिटकरांच्या घरी हरिभाऊंचे येणेजाणे वाढले. हरिभाऊ १८६४ चे, काशीबाईंहून तीन वर्षांनी लहान. गोविंदरावांचे 'मनोरंजन आणि निबंधचंद्रिका' हे मासिक या मंडळींचे लिहिण्याचे हक्काचे ठिकाण. काशीबाईंची 'रंगराव' ही कादंबरी याच मासिकातून क्रमशः येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १९०३ मध्ये निघाली. लिहून झालेले एकमेकांना दाखवायचे, वाद घालायचे, पत्रांतून पुन्हा तोच विषय पुढे न्यायचा, असा हा स्नेह होता. परक्या पुरुषाशी विवाहित स्त्रीने साहित्याची चर्चा करावी, पत्रव्यवहार ठेवावा, ही त्या काळच्या पुण्यात साधी गोष्ट नव्हती. गोविंदरावांच्या आणि त्या दोघांच्याही मनाचा मोकळेपणा त्यात दिसतो. हरिभाऊंच्या निधनानंतर काशीबाईंनी ती पत्रे प्रसिद्ध केली, म्हणून आपल्याला हे कळते.

मला नेहमी वाटत आले आहे की यमूच्या आवाजातील खरेपणाचे एक मूळ या स्नेहात असले पाहिजे. हरिभाऊ मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले होते आणि त्यांची नजर तीक्ष्ण होती, यात शंका नाही. पण बायका बायकांशी काय बोलतात, कोणता अपमान गिळतात आणि कोणता मनात जपून ठेवतात, हे पुरुषाला ओटीवर बसून दिसत नसते. ते सांगणारे कोणी तरी विश्वासाचे हवे. हरिभाऊंचे श्रेय यामुळे कमी होत नाही. ज्याने ऐकून घेतले त्याचे श्रेय मोठेच. परंतु ऐकणारा मराठी कादंबरीचा जनक ठरला आणि सांगणारी त्याच्या चरित्रातील एक स्नेही म्हणून उरली, ही वाटणी न्याय्य आहे काय?

काशीबाईंचे जे पुस्तक मला सर्वांत मोलाचे वाटते ते कादंबरी नव्हे. ते डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र. आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, अवघ्या एकविसाव्या वर्षी. १८८८ मध्ये कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. काशीबाईंनी मराठीत लिहिले तेही आनंदीबाई गेल्यानंतरच्या दोन-चार वर्षांतच. एका मराठी स्त्रीने दुसरीचे आयुष्य पुस्तकभर सांगावे, तेही कौतुकाच्या आरत्या न ओवाळता, हे नवे होते.

आनंदीबाईंची पत्रे त्यांनी चरित्रात घेतली, आणि त्या पत्रांत गोपाळरावांनी अभ्यासासाठी केलेली मारहाणही होती. गोपाळराव तेव्हा हयात होते. ते वारले १९१२ मध्ये. हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री-डॉक्टरचे निर्माते म्हणून त्यांचा गौरव होत असताना, दहा वर्षांच्या मुलीवर पडलेल्या माराची नोंद छापून ठेवायला धैर्य लागते. काशीबाईंनी गोपाळरावांना खलपुरुषही केले नाही. त्यांची तळमळ दाखवली आणि तळमळीतला जुलूमही दाखवला. पती शिकवतो या गोष्टीची दुसरी बाजू स्वतः पतीकडून शिकलेल्या बाईनेच लिहून ठेवली. पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आली, अमाप वाचली गेली; २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. त्या कलाकृतींच्या गुणांविषयी मला इथे काही म्हणायचे नाही. पण शीर्षकाकडे पाहा. काशीबाईंच्या पुस्तकावर एकट्या आनंदीबाईंचे नाव होते.

'शेवट तर गोड झाला' आणि १९२१ मधील 'चांदण्यातील गप्पा' हे त्यांचे कथासंग्रह. तंत्राच्या दृष्टीने या गोष्टी आज सैल वाटतील, काही ठिकाणी उपदेश गोष्टीवर स्वार होतो. काशीबाई हरिभाऊंच्या तोडीच्या कादंबरीकार होत्या असा दावा मी करणार नाही. तशी गरजही नाही. मात्र 'पालखीचा गोंडा'कडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही. १९२८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत बुद्धीने अधू असलेल्या राजपुत्राशी लग्न झालेली तरुणी नशिबाला बोल लावत बसत नाही. ती राज्यकारभार हाती घेते, स्त्रियांना शिकवते, त्यांना अधिकाराच्या जागा देते आणि संस्थानाचा चेहरामोहराच पालटून टाकते. बंगालमध्ये रोकेया हुसेन यांनी १९०५ मध्ये इंग्रजीतून स्त्रियांच्या राज्याचे स्वप्न लिहिले होते, अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १९१५ मध्ये. त्याच जातीचे स्वप्न मराठीत काशीबाईंनी पाहिले.

यमू आणि ही राणी शेजारी उभ्या करून पाहाव्यात. दोघींचेही लग्नाने नुकसान झाले आहे. हरिभाऊंची नायिका सोसते आणि वाचकाचे मन द्रवते. काशीबाईंची नायिका सत्ता हाती घेते. पहिली खरी वाटते, कारण तशा हजारो घरोघरी होत्या. दुसरी कल्पनेतली वाटते, कारण तशी एकही होऊ दिलेली नव्हती. वास्तववादाच्या मापाने आपण पहिलीला वर ठेवले. पण जिचे वास्तवच दुसऱ्यांनी आखलेले आहे तिने कल्पनेचा आधार घेतला तर तो लेखणीचा दुबळेपणा मानायचा, की समोर जे नाही ते मागण्याची ती एक रीत समजायची? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

काशीबाईंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांचे जग बहुतांशी ब्राह्मणी वाड्यांचे आणि सुधारक मंडळींच्या बैठकींचे राहिले. त्याच पुण्यात फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला होता आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला होता, म्हणजे काशीबाईंच्या जन्माआधी सहा वर्षे. जात आणि स्त्रीत्व या दोन्हींचा जाच एकत्र सोसणाऱ्या बाईची हकीकत काशीबाईंच्या लेखणीने सांगितली नाही. चार पेठांच्या अंतरात राहणाऱ्या या दोन जगांची गाठ पडली नाही, याची खंत काशीबाईंच्या गौरवातही मनात राहते. स्त्रियांचे साहित्य असे आपण एकवचनात म्हणतो तेव्हा हा भेद विसरून चालणार नाही.

उतारवय त्यांच्यासाठी एकाकी गेले असावे. १९१८ मध्ये गोविंदराव गेले, १९१९ मध्ये हरिभाऊ. ज्या दोन पुरुषांशी त्यांचा वाङ्मयीन संवाद होता ते वर्षभरात नाहीसे झाले. पुढची जवळजवळ तीस वर्षे त्या होत्या. थिऑसफीकडे त्यांचा ओढा होता, ॲनी बेझंट यांच्याविषयी आदर होता. आत्मचरित्र त्यांनी लिहायला घेतले, ते अपुरे राहिले; पुष्कळ नंतर डॉ. सरोजिनी वैद्य यांनी ते संपादून, त्याला चरित्राची जोड देऊन प्रसिद्ध केले आणि मीरा कोसंबी यांनी इंग्रजीतून त्यांच्या लेखनाचा अभ्यास मांडला. या दोन विदुषी नसत्या तर काशीबाई आज त्या वहीतल्या एका ओळीतच राहिल्या असत्या.

मधल्या काळात १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' निघाले आणि अविवाहित शिकलेल्या मुलींच्या मनातले लिहिणारी ही विभावरी शिरूरकर कोण, म्हणून महाराष्ट्रात काहूर उठले. लेखिकेला टोपणनावाआड राहावे लागले. काशीबाई तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षांत दगडांची जागा शब्दांनी घेतली होती, इतकाच काय तो फरक.

३० जानेवारी १९४८ रोजी काशीबाईंचे निधन झाले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि पुढचे कित्येक दिवस महाराष्ट्र जाळपोळीने होरपळला. एका सत्त्याऐंशी वर्षांच्या लेखिकेच्या जाण्याकडे पाहायला त्या दिवशी कोणाला सवड असणार? हा दैवाचा खेळ झाला. पण पुढच्या विस्मरणाचा दोष दैवाला देता येणार नाही.

ग्रंथकारांचे संमेलन पुण्यात पहिल्यांदा भरले ते १८७८ मध्ये. अध्यक्षपदी स्त्री येण्यासाठी १९६१ साल उजाडावे लागले, आणि त्या होत्या कुसुमावती देशपांडे. त्यानंतर दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर. सुमारे शंभर संमेलनांत या सहा जणी. आज स्त्रिया विपुल लिहितात, त्यांची पुस्तके खपतात, पारितोषिके मिळवतात. तरीही स्त्रीचे मन उत्तम जाणणारा लेखक म्हणून आपल्याकडे पुरुषाचा गौरव होतो आणि पुरुषाचे मन जाणणारी म्हणून लेखिकेचा गौरव झालेला मी तरी अजून ऐकलेला नाही. दुसऱ्याला जाणण्याचे काम जणू बायका जन्मतःच करतात, त्यात कौतुक कसले!

यमूची कहाणी पुढच्या पिढ्यांनी अवश्य वाचावी. पण ती वाचून झाली की आनंदीबाईंचे ते चरित्र हाती घ्यावे आणि त्यामागोमाग 'पालखीचा गोंडा'. जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत ती पुस्तके धूळ झटकणाऱ्याची वाट पाहत असतात. भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत, थोडा धीर धरावा लागेल. त्या धीराच्या मोबदल्यात १८८० च्या पुण्यातील एका बाईचे म्हणणे, मध्ये कोणी दुभाष्या न ठेवता, तिच्याकडूनच ऐकायला मिळेल.